जन्मगाव पाहणारा कायदा

१९४३ साली २ जानेवारीला सिद्धगडच्या रानात क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला आम्ही स्मारकावर जातो. यंदा फुलं वाहून सावलीला बसलो आणि विषय अमेरिकेच्या प्रवासबंदीवर गेला. दादा पोलिसातून निवृत्त झालेले, मुलगा न्यू जर्सीत.

"घर त्यांचं. कोणाला उंबरा ओलांडू द्यायचा ते त्यांनीच ठरवावं."

"ठरवावं ना. पण २०१७ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी सात देशांच्या नागरिकांना बंदी घातली, तेव्हा माणूस पाहिलाच नाही, पासपोर्ट पाहिला. १९१७ साली अमेरिकेने आपल्यालाही असंच अडवलं होतं. १९४६ साली दार उघडलं, तेही वर्षाला शंभर जणांपुरतं."

"ते रंगावरून होतं. हे सुरक्षेसाठी आहे."

"गुन्हेगार जमातींचा इंग्रजी कायदाही सुरक्षेसाठीच होता. त्या जमातीत जन्मलात की हजेरी लावा, गाव सोडायचं तर पास काढा. १९५२ साली तो गेला. तरी चोरी झाली की तुम्ही आधी कुणाच्या पालावर जायचात?"

"जायचो. चुकीचंच होतं ते. पण मला संशय आला तर मी त्या माणसाच्या गावच्या ठाण्याला फोन लावायचो, पोलीस पाटलाला विचारायचो. बंदीतल्या येमेनचंच घे, तिथे लढाई चाललीय. तिथे फोन कोण उचलणार? माणूस पाहा म्हणतोस, तर कशावरून पाहू?"

"निर्वासितांची छाननी दीड-दोन वर्षं चालायची. मुलाखती, बोटांचे ठसे..."

"ठसा जुळवायला आधीचा ठसा लागतो."

यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, "आपल्या कातकरी आदिवासींकडे बघा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. कित्येकांकडे जन्माचा दाखला नाही की जातीचा नाही. म्हणून त्यांना कल्याणला अडवायचं?"

"कातकरी आपल्याच देशात फिरतो, तो त्याचा हक्क. परक्याला माझ्या देशात यायचा हक्क कुठला?"

"यायचा नसेल. पण नकाराचं कारण त्याचं स्वतःचं असावं, एवढा हक्क प्रत्येकाचा आहे. त्याच्याबद्दल काहीच कळलं नाही, तर त्याला थांबवा."

"आणि कुणाबद्दलच कळत नसेल तर? एकेकाला थांबवता थांबवता देशच बंद झाला की."

"नाही होत. जिचा नवरा तिथे दहा वर्षं राहतोय, तिच्याबद्दल कळतं. बंदीत अशा बायकाही अडकल्या. २०१८ च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बंदीची नंतरची आवृत्ती उचलून धरली, ती पाच विरुद्ध चार मतांनी. मी त्या चौघांच्या बाजूचा आहे."

"तिला येऊ द्या. पण ज्याचं तिथे कुणीच नाही?"

"मला त्याचीच जास्त काळजी आहे. त्याच्यासाठी कुणी अर्जही करत नाही."

"तू काळजी कर. तो राहायला येणार माझ्या पोराच्या शेजारी."

"तुमचा पोरगाही कुणाच्या तरी शेजारी राहायला गेलाच ना?"

"त्याच्या कागदांवर शिक्के होते," दादा म्हणाले, आणि आम्ही पुन्हा कागदांवर आलो.