एवा दारात येते तेव्हा

लिव्हरपूल हे इंग्लंडमधील कॅथलिकांचे जुने माहेर. १८४० च्या दशकात बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये दुष्काळ माजला, तेव्हा लाखो उपाशी माणसे या बंदरात उतरली. त्यांपैकी अनेक जण पुढे अमेरिकेला गेले. जी तेथेच राहिली, त्यांच्या वंशजांनी घराघरांतून जपमाळेची प्रार्थना जागती ठेवली. याच शहरातील फ्रीमन नावाच्या एका कल्पित कॅथलिक कुटुंबावर १९९६ साली ‘स्प्रिंगहिल’ ही दूरदर्शन मालिका सुरू झाली. तिची कल्पना तिघा लेखकांची होती, आणि त्यांपैकी फ्रँक कॉट्रेल बॉइस हे स्वतः कॅथलिक आहेत.

मालिका संसारी, पण वळण विलक्षण. लिझ आणि जॅक यांच्या भरल्या घरात एवा मॉरिगन नावाची एक गूढ स्त्री येते आणि तिच्या पावलांबरोबर घराची घडी विस्कटू लागते. तिच्या नावातच लेखकांनी बरेच काही पेरले आहे. एवा ही आपली आदिमाता. मॉरिगन ही आयरिश दंतकथांतील युद्धाची आणि मृत्यूची देवता. लॅटिन लिपीत ‘एवा’ उलट वाचले की ‘आवे’ होते, म्हणजे देवदूताने मारियेला केलेले वंदन. आपल्या पूर्वीच्या स्तोत्रकारांना या अक्षरयोगाचे फार कौतुक होते. असो.

आम्हाला येथे मालिकेचे परीक्षण करावयाचे नाही. आम्हाला छळतो तो निराळाच प्रश्न. घरात जे बिघडले, ते बाहेरून आलेल्या एवाने बिघडवले काय? प्रेक्षकाला असे मानणे सोयीचे वाटते. खलनायिकेला एक चेहरा मिळाला की उरलेले सारे आपोआप निष्पाप ठरतात. एदेन बागेतही नेमके हेच घडले. आदामाने स्त्रीकडे बोट दाखविले, स्त्रीने सर्पाकडे. आणि ‘मी खाल्ले’ हे दोघांच्याही तोंडून निघाले ते शेवटी, दुसऱ्यावर दोष ठेवून झाल्यानंतर.

सैतान नाहीच, असे म्हणण्याची मुभा ख्रिस्तसभा आपल्याला देत नाही. परंतु त्याला सर्वशक्तिमान मानण्याचीही देत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच निःसंदिग्धपणे मांडले आहे की सैतान सुचवू शकतो, भुलवू शकतो. मानवाच्या इच्छेवर सक्ती मात्र करू शकत नाही. प्रत्येक पाप त्याच्याच चिथावणीने घडते असेही नाही. भूत उतरविण्याच्या विधीबाबतही ख्रिस्तसभा म्हणूनच सावध असते. महागुरुस्वामींच्या स्पष्ट अनुज्ञेवाचून कोणाही धर्मगुरूला तो करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नव्हे ना, याची खात्री करून घ्यावी लागते.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेली अशुद्ध आत्म्याची गोष्ट आठवावी. तो परत येतो तेव्हा घर झाडलेले असते, सजविलेले असते. पण रिकामे असते. दार फोडून आत शिरावे लागल्याचा उल्लेख तेथे नाही. देव्हाऱ्यात दिवा आहे, भिंतीवर येशूचे पवित्र हृदय आहे, आणि नवराबायको महिनोन्‌महिने एकमेकांशी मनातले बोललेली नाहीत, असे घरही आमच्या मते रिकामेच. तेथे येणाऱ्या एवाला जादूची गरज कशाला पडावी?

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हाला घर आशीर्वादित करण्यासाठी बोलाविले होते. रात्री आवाज होतात, मुले दचकून उठतात, कोणी तरी काही केले आहे, असे थोरल्या सूनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘कोणी तरी’ म्हणजे कोण, हे सांगताना त्यांची नजर भिंतीपलीकडे गेली. तेथे धाकटा भाऊ राहतो. वडिलोपार्जित घराची वाटणी झाल्यापासून मधले दार बंद आहे. आम्ही त्यांची भीती हसण्यावारी नेली नाही. ती खरी होती. प्रार्थना म्हटली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडले आणि मधल्या दारापाशी येऊन थांबलो. ते उघडा, पलीकडेही याच घराचा भाग आहे, असे आम्ही म्हणालो. सारे एकमेकांकडे पाहू लागले. कुलपाची किल्ली कोठे ठेवली आहे, हे कोणालाच आठवेना. ती शोधण्यात अर्धा तास गेला.