दुसऱ्यांदा ऐकलेला सूर

बोदवड-मुक्ताईनगरच्या पट्ट्यात सप्ताह बसला की वीणा, टाळ, पखवाज यांच्या जोडीला पेटी असतेच, आणि आता बऱ्याच ठिकाणी पेटीशेजारी कॅसिओही येऊन बसतो. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात. असं जुनं झालेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य उघडायचं, बोर्डावरच्या वायरी इकडच्या तिकडे जोडायच्या आणि कारखान्यानं कधी न योजलेले आवाज त्यातून काढायचे, हा उद्योग जगात अनेक जण मन लावून करतात. अमेरिकेत रीड घझाला यांच्या टेबलाच्या खणात १९६० च्या दशकात एक उघडा, छोटा ॲम्प्लिफायर धातूला टेकून शॉर्ट झाला आणि चमत्कारिक आवाज देऊ लागला. त्या अपघाताचा त्यांनी पुढं आयुष्यभर पाठपुरावा केला आणि त्या कलेला ‘सर्किट बेंडिंग’ हे नाव दिलं. मला यातला प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा वाटतो. तो आवाज माणसानं बनवला, की तो होताच आणि त्याला फक्त वाट मिळाली? नादाला ब्रह्म म्हणणाऱ्या समाजानं तरी हा प्रश्न सोडून देऊ नये.

आपल्या दर्शनांत हा वाद फार जुना आहे. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. अंधारात ठेवलेलं मडकं दिवा दाखवतो, घडवत नाही, तसं कंठ आणि टाळू शब्दाला फक्त प्रकट करतात. नैयायिकांना हे मान्य नाही. प्रयत्न केल्यावर शब्द उपजतो, क्षणात विरतो, मग तो नित्य कसा? यावर मीमांसकांचा सर्वांत भक्कम पुरावा प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ओळखीचा. सकाळी एकाच्या तोंडून ऐकलेला ‘ग’ संध्याकाळी दुसऱ्याच्या तोंडून आला, तरी आपण ‘हा तोच ग’ असंच म्हणतो. हा वाद वर्णांचा होता, स्वरांचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी तो स्वरांना लावून पाहिला, की दोन्ही पक्षांचं बरोबर कुठं आहे ते उलगडतं.

पेटीच्या आतली, सूर देणारी पितळी पट्टी हातात घ्या. टोकाकडं हलकेच खरवडली तर सूर चढतो, मुळाशी खरवडली तर उतरतो. पितळ तेच, भाता तोच, केसाएवढा थर गेला आणि सूर बदलला. अनेक जुन्या, स्वस्त कीबोर्डांत सगळ्या पट्ट्यांचे सूर एकाच ठोक्यावर चालतात. तो ठोका ठरवणारा रेझिस्टर बदलला, की सगळं सप्तक एकदम वर किंवा खाली सरकतं. सरकताना ते मध्येच कुठं अडत नाही, कोणत्याही दोन सुरांमध्ये तिसरा असतोच. हे पाहिलं, की कारागिरानं सूर ‘निर्माण केला’ असं म्हणवत नाही. पण दोन भलत्याच जागा वायरीनं जोडल्यावर जी किंकाळी फुटते, ती ‘आधीपासून होतीच’ असंही म्हणवत नाही, कारण ‘ही तीच’ असं म्हणायला तिची ओळख कुणालाच नाही. माझं म्हणणं असं, की पहिल्यांदा उमटतो तो केवळ ध्वनी, आणि त्याच्याबाबत नैयायिक खरे आहेत. तोच दुसऱ्यांदा ऐकून कुणी ओळखला, त्याची वाट पाहिली, तो पुन्हा लावला, म्हणजे तो स्वर होतो, आणि तिथून मीमांसकांचं राज्य सुरू होतं. नवा स्वर वायरीत जन्मत नाही, दुसऱ्या ऐकण्यात जन्मतो.

पेटीचा इतिहास याच बाजूनं साक्ष देतो. हार्मोनियम मूळ युरोपातलं, पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेननं १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता काढून हाताचा केला, तेव्हा मांडी घालून वाजवणाऱ्या माणसाला ती जवळची झाली. तरी आक्षेप राहिलेच. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही; बारा पट्ट्यांत श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, मावत नाहीत, हे त्यातले मुख्य. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्ण टिकली. आक्षेप खोटे नव्हते, हे कबूल केलं पाहिजे. पण त्यांना उत्तर देण्यासाठी बंदीच्याही आधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचं गणित मांडलं, क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुती-हार्मोनियम घडली, आणि आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी षड्ज-पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा देणारी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. वाद्यात फेरफार करणं म्हणजे परंपरेशी द्रोह, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा क्रम पाहावा. इथं फेरफार परंपरेच्या कानासाठीच झाला. ज्या श्रुती कानाला आधीच ओळखीच्या होत्या, त्यांना पितळेत जागा हवी होती.

कुणी म्हणेल, ओकांची पेटी साधनेतून आली, घझालांची किंकाळी अपघातातून. दोन्ही एका मापानं कशी मोजता? उगमाला मी महत्त्व देत नाही. अपघात क्षणाचा होता, त्याच्यामागं ऐकत बसणं मात्र अनेक वर्षांचं. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. यंत्र तोच आवाज हजार वेळा बिनचूक काढतं, ऐकणारा असो वा नसो. मग ओळख यंत्रातच नाही का? नाही, कारण आवृत्ती म्हणजे ओळख नव्हे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा रात्रभर रिकाम्या खोलीत चालू राहिला तर षड्ज हजार वेळा वाजतो, लागत मात्र एकदाही नाही. तिसरा आक्षेप मी अर्धा मान्य करतो: जुनी वाद्यं परत बनत नाहीत, ती का बिघडवायची? कानशीनं गेलेलं पितळ परत येत नाही, म्हणून तिथं हात आखडलाच पाहिजे. वायर मात्र डाग काढून पुन्हा मूळ जागी जोडता येते, बदलण्याआधी ती कुठली कुठं होती याची नोंद ठेवली तर.

ऐकणाऱ्याला असं महत्त्व देणं आपल्याकडं जुनंच आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव हिशेबाच्या खात्याचा प्रमुख होता. ‘संगीतरत्नाकर’ त्यानं तिथंच लिहिला. त्यात तो अनाहत, म्हणजे आघाताविना असलेल्या, नादाला वंदनीय मानतो, पण त्या नादात रंजन नाही म्हणून लोकांसाठी आहत नादाचा, आघातातून उमटणाऱ्या नादाचा मार्ग धरतो, आणि तोच भवबंध तोडणाराही आहे असं ठरवतो. त्याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव यानं आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथं आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तसा शिलालेख तिथं आहे. ग्रंथ लिहून झाल्यावरही तो पुन्हा वाचणारा, पुन्हा समजून घेणारा लागतो, हे त्या मठाच्या मागचं कारण.

म्हणून कीर्तनात बदललेला कॅसिओ चालेल की नाही, याचा निवाडा झाकण उघडून बोर्ड पाहून करता येणार नाही. वारकरी भजनात पुढचा गायक चाल म्हणतो आणि मागचे टाळकरी ती झेलतात. त्या वाद्यातून निघालेला अनोळखी सूर त्यांच्या गळ्यांनी झेलला, दुसऱ्या कडव्याला न सांगता तिथंच आणून ठेवला, तर तो भजनातलाच.