जड कोण, चेतन कोण?

श्रीज्ञानोबा-तुकोबांच्या चरणी मस्तक ठेवून आज वाचकांपुढे एक प्रश्न मांडावयाचा आहे. प्रश्न आमचा नव्हे. एका कामगाराने तो आम्हांस भर सप्ताहात विचारला. आम्ही उत्तर मोठ्या डौलाने दिले आणि दुसऱ्याच दिवशी ते उत्तर आमच्यावर उलटले. झाकून ठेवावे असेच ते प्रकरण आहे. पण संतांच्या दारात झाकून ठेवलेले कुजते, म्हणून सांगतो.

वाचकांस आमचा हा मुलूख ठाऊक आहेच. एका अंगाला देहू, एका अंगाला आळंदी, मधून इंद्रायणी वाहते, आणि चाकणजवळ तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेला भामचंद्राचा डोंगर. ह्या संतांच्या अंगणातच कारखाने आले. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ झाले, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड करीत करीत यंत्रांची ही दिंडी चाकणला पोहोचली. 2009 साली तर परदेशी मोटारींचे मोठे कारखाने तेथे सुरू झाले. जेथे बाजरी डोलत होती तेथे आता तिन्ही पाळ्यांना भोंगा आणि कंपनीच्या बसगाड्या. आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. ज्यांच्या घरी एकेकाळी दोन्ही वेळची चूल पेटत नव्हती, त्यांची मुले ह्या कारखान्यांनीच शिकवली.

तर ह्या भागातल्या एका गावी सप्ताह होता. त्या संध्याकाळी प्रवचनाला चांगदेवांची कथा घेतली होती. चौदाशे वर्षे योगबळाने जगलेले चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन भेटीस आले, आणि ही चार भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच ज्ञानदेवांनी सामोरी चालवली. आळंदीस ती भिंत आजही दाखवतात. आम्ही म्हणालो, "सज्जनहो, वाघ कितीही क्रूर झाला तरी जिवंत आहे. त्याला भय आहे, भूक आहे, म्हणून त्याला वळवता येते. भिंतीला काय आहे? जडालाही ज्यांनी चालवले ते आमचे माउली!" लोकांनी टाळी दिली.

प्रवचन संपले आणि मागच्या बाजूने एक जण उठला. कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच, पहिली पाळी करून आलेला. म्हणाला, "महाराज, रागावू नका, एक विचारू का? आमच्या वेल्डिंगच्या शॉपमध्ये यंत्राचे हात आहेत. रोबो म्हणतात त्यांना. गाडीचा सांगाडा आला की आपोआप वळतात, वाकतात, बरोबर ठिणगी टाकतात. माणसाहून नेमकं काम. दमत नाहीत, चहा मागत नाहीत. तर त्याला आत्मा आहे का हो? भिंत चालली म्हणता, इथं तर लोखंड रोज चालतंय."

मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आपल्या सर्व परमार्थाचे घर ज्या एका आत्म्याच्या पायावर उभे, त्या घरात हा पाहुणा आला आहे. हालतो, पण जिवंत नाही. राबतो, पण त्याला मी नाही. त्याला कोठे बसवावयाचे?

आम्ही शास्त्राला धरून उत्तर दिले. सूर्याचा प्रकाश भिंतीवर पडतो आणि आरशावरही पडतो. प्रकाश दोहींकडे सारखाच. पण सूर्याचे बिंब दिसते ते आरशातच. तसे चैतन्य सर्वत्र भरलेले आहे. अमृतानुभवात माउलींनी सारे जग हा चैतन्याचाच विलास मानला आहे. परंतु जेथे अंतःकरणाचा आरसा आहे तेथेच 'मी'पण उमटते, सुखदुःख होते, पापपुण्य लागते आणि सुटकेची तळमळ लागते. यंत्राला हा आरसा नाही. म्हणून त्याला जीव म्हणता येणार नाही. त्याला जन्म नाही आणि मोक्षही नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला तुम्ही त्याला हळदकुंकू लावता, झेंडूची माळ घालता, ते योग्यच आहे. ज्याच्यामुळे भाकरी मिळते त्याची ती कृतज्ञता आहे. पण त्याला आत्मा समजून ती पूजा नव्हे.

उत्तरात शास्त्राची चूक नव्हती, आजही नाही. तो कामगार हात जोडून बसला. आम्हांला वाटले, काय छान समजावले!

दुसरे दिवशी काल्याचे कीर्तन झाले. दहीहंडी फुटली आणि महाप्रसादाच्या पंगती बसू लागल्या. आम्ही अर्थातच पहिल्या पंगतीत, वरच्या टोकाला. मंडपाच्या कडेला, जेथे चपला काढल्या होत्या तेथे, एक पोरगेलासा मुलगा उभा होता. विशी-बाविशीचा असेल. गळ्यात कंपनीची पट्टी. आत यावे की न यावे अशा घोटाळ्यात. वाढपी आमच्याकडे वाकून म्हणाला, "महाराज, बाहेरचा दिसतोय. कंत्राटी असणार. मागनं बसवू का?" आम्ही भाताचा घास घेता घेता मान हलवली. बस्, एवढेच. तोंडाने नाहीसुद्धा म्हटले नाही. पुढे दोन पंगती झाल्या, तिसरी झाली. आम्ही हात धुऊन वळून पाहिले तेव्हा तेथे कोणी नव्हते.

संध्याकाळी निळ्या शर्टाचा तो कामगार निरोप घ्यायला आला. पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, यंत्राला आत्मा नाही हे काल तुम्ही सांगितलं, पटलं. पण त्या यंत्राशेजारी जो उभा राहतो त्याला आहे का, हे विचारायचं राहून गेलं."

आम्ही म्हणालो, "म्हणजे काय रे बाबा?"

"सकाळी चपलांपाशी उभा होता ना, तो आमच्याच शॉपमधला. रोबोच्या पुढ्यात पत्रे लावतो. मीच म्हटलं होतं त्याला, ये प्रसादाला." मग थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "आमचा रोबो जाळीच्या पिंजऱ्यात असतो. त्याच्या दाराला असं यंत्र बसवलेलं असतं, की माणूस दार उघडून आत शिरला की रोबो जागच्या जागी थांबतो. अर्ध्या कामात थांबतो. माणूस बाहेर येऊन दार लागेपर्यंत हलत नाही."

एवढे बोलून तो गेला. त्याने आमच्यावर ठपका ठेवला नाही. ठेवायची गरजच नव्हती. माणूस दाराशी आला म्हणून ते जड लोखंड थांबते. माणूस मंडपाच्या दाराशी आला, आणि आम्ही चेतन म्हणवणारे, आमचा घास थांबला नाही. आता वाचकांनीच सांगावे, आरसा कोणाकडे नव्हता?

वाचकहो, त्या रात्री झोप आली नाही. ज्ञानदेवांचे चरित्र तोंडपाठ आहे असे वाटत होते, ते नव्याने वाचावे लागले. ही भावंडे कोण? आपल्याच गावात बाहेरची ठरवलेली मुले. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने परत संसार केला, म्हणून संन्याशाची पोरे. त्यांना मुंज नाही, पंगत नाही. शुद्धिपत्रासाठी पैठणला पाठवले. तेथे समोरून रेडा चालला होता. कोणी तरी कुत्सितपणे म्हणाले, त्याचेही नाव ज्ञानाच आहे. तेव्हा ज्ञानदेवांनी सांगितले की त्याच्या आणि माझ्या आत्म्यात भेद नाही. परंपरा सांगते, रेड्याला मारलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले आणि मग रेडा वेद बोलला. आपण वेद बोलण्याचा चमत्कार सांगतो आणि टाळ्या घेतो. आधी वळ उठले, हे विसरतो. दुसऱ्याच्या पाठीवरचा आसूड ज्याच्या पाठीवर उठतो त्यालाच समोरच्यात आत्मा दिसतो. नुसत्या व्याख्येने दिसत नाही. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे, ह्याच पुणे-नाशिक रस्त्याने चाकण ओलांडून पुढे गेल्यावर. आम्ही तिच्यापुढून किती वेळा गेलो असू!

आणखी एक गोष्ट कळली ती सांगतो. हा 'रोबो' शब्द कोठून आला म्हणून एका शिकलेल्या मुलास विचारले. त्याने सांगितले, कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने 1920 साली एक नाटक लिहिले. त्यात कारखान्यात माणसे तयार करतात, राबण्यासाठी, आणि त्यांना आत्मा नाही असे सगळे धरून चालतात. त्या राबणाऱ्यांना त्याने हे नाव दिले. चेक भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ काय? वेठ! नाटकाच्या शेवटी त्यांच्यातले दोघे एकमेकांसाठी मरायला तयार होतात, तेव्हा पाहणाऱ्याला उमगते की इथे जीव जागा झाला आहे.

वेठ हा शब्द ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे मंगळवेढे उभे राहिले. चोखोबांना गावकुसाच्या बांधकामासाठी वेठीला धरून नेले. 1338 साली ते कूस कोसळले आणि राबणारी माणसे खाली गाडली गेली. बांधणाऱ्यांच्या लेखी ती माणसे नव्हतीच, हात होते. मग नामदेवराय गेले. ढिगाऱ्यात हाडे तर सगळ्यांचीच. त्यांनी एकेक हाड कानाशी लावले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे. पंढरीस महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली. पाहा हो, हाडाहून जड काय असेल? पण नामदेवांनी कान लावला. आम्ही जिवंत माणसाला कान लावला नाही. त्याचे नावसुद्धा विचारले नाही.

महिनाभराने त्या गावी पुन्हा जाणे झाले. त्या कामगारास घेऊन आम्ही मुलाची खोली शोधत गेलो. पत्र्याची चाळ, एका खोलीत सहा जण, अर्धे कामावर, अर्धे झोपलेले. तो नव्हता. कंत्राट संपले होते, ठेकेदाराने दुसरीकडे धाडले होते. कोठे ते सोबत्यांनाही नीट ठाऊक नव्हते. मुले ओडिशाची. भिंतीवर जगन्नाथाचे चित्र असलेले दिनदर्शिकेचे पान. आमची माळ-बुक्का पाहून त्यांनी आम्हांस खाटेवर बसवले, स्वतः जमिनीवर बसले आणि चहा केला. एक जण मोडक्या हिंदीत सांगू लागला की त्याच्या देवाच्या मूर्तीला पुरते हातपाय नाहीत, आणि काही वर्षांनी देवाचा देह नव्या लाकडाचा करतात. 2015 साली झाला होता. जुन्या मूर्तीतले ब्रह्म नव्या मूर्तीत ठेवतात. त्यांची रथयात्राही आषाढातच, आपली वारी चालू असते त्याच दिवसांत. आम्ही तो चहा प्यालो. त्या खोलीत बाहेरचे आम्हीच होतो. आणि आम्हांस कोणी मागच्या पंगतीला बसवले नाही.

आता कोणी म्हणेल, महाराज, एवढ्या-तेवढ्या गोष्टीचे इतके काय? गर्दीत एखादा राहतो. होय, राहतो. पण जो राहतो तो नेहमी एकाच जातीचा राहतो, हे पाहावे. ज्याची बोली वेगळी, ज्याचे घर लांब, ज्याच्यासाठी भांडायला गावात कोणी नाही, तोच राहतो. शास्त्रात आत्मा सर्वांभूती, आणि वाढताना मात्र आत्मा ओळखीच्यांना! कोणी म्हणेल, बाहेरच्यांनी आमच्या पोरांची कामे घेतली. भूमिपुत्राची चूल हा खरा प्रश्न आहे, आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे दुःख आम्ही घरोघर ऐकतो. पण तो प्रश्न ठेकेदाराला विचारावा, कारखानदाराला विचारावा, सरकारला विचारावा. पत्रावळीवर तो प्रश्न विचारू नये. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीला माउलींनी देवापाशी मागणे मागितले ते साऱ्या जीवांसाठी. त्यात कोणत्या गावचा, कोणत्या बोलीचा, हे विचारलेले नाही.

म्हणून आमचे एवढेच मागणे आहे, आणि ते आधी आमच्यापाशीच आहे. ह्या भागात जेथे जेथे सप्ताह होतील तेथे चपलांपाशी एक माणूस नेमावा. विणेकरी नेमतो, चोपदार नेमतो, तसा. त्याचे काम एकच: जो आत यायला बिचकतो त्याचे नाव विचारावे आणि त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवावे. तो माणूस न मिळाल्यास प्रवचनकाराने स्वतः उभे राहावे. मागील सप्ताहात आम्ही तेथे उभे राहिलो. चार-पाच जणांस आत आणले. त्या मुलाची जागा भरून निघाली असे मात्र आम्ही म्हणत नाही. ती निघत नाही. पंगत उठली की उठली.

खंडेनवमीला यंत्राला कुंकू अवश्य लावा. लावताना त्याच्याकडून एवढे शिकून घ्या, की माणूस दाराशी आला म्हणजे थांबायचे असते. भिंत चालली ती माउलींच्या सत्तेने. आपण चालत्या भिंती आहोत. आपल्याला थांबता आले तरी पुष्कळ झाले.

रामकृष्णहरी.