दख्खनी होण्याची किंमत

परंड्याच्या भुईकोट किल्ल्याच्या इतिहासात परमुलखातून आलेल्या माणसांचा हात जागोजाग दिसतो. किल्ला बहमनी वजीर महमूद गावान याने बांधवला, असे परंपरा सांगते. गावान इराणच्या गिलान प्रांतातला. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मुलुखमैदान तोफ आधी परंड्याला होती. हत्तीला जबड्यात धरलेल्या सिंहासारखे तिचे तोंड आहे आणि 1549 मध्ये ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. पुढे 1600 मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीची गादी परंड्यात मांडली ती मलिक अंबरने, आणि तो इथिओपियाचा हबशी होता.

तिघेही बाहेरचे, पण दख्खनने त्यांना एका मापाने मोजले नाही. बहमनी काळापासून इथल्या दरबारात दोन तट होते. इराण, तुराण, अरबस्तानातून आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी; आणि इथे रुजलेले ते दख्खनी. हबशी समुद्रापलीकडून आलेले असूनही त्यांची गणना दख्खन्यांत होई. परकेपणा जन्मस्थानावरून ठरत नव्हता, हे यावरून उघड होते. आफाकी सरदाराचे मूळ गावाशी येणेजाणे चालू असे. त्याचा व्यापार, नातीगोती, फारसीची प्रतिष्ठा हे सगळे तिकडच्या बंदरांशी बांधलेले असे. हबशी मात्र बहुधा गुलाम म्हणून विकत आणलेला असे. त्याची परतीची वाट दुसऱ्यांनीच तोडलेली असे, म्हणून त्याला इथलेच व्हावे लागे.

गावानने बीदरला 1472 मध्ये बांधलेल्या मदरशाच्या भिंतींवर इराणी धाटणीच्या रंगीत फरशा बसवल्या आणि तिकडच्या विद्वानांशी पत्रव्यवहार चालू ठेवला. राज्याची त्याने केलेली सेवा मोठी होती. तरीही ओडिशाच्या राजाशी संधान बांधल्याचे खोटे पत्र त्याच्या शिक्क्यानिशी पुढे आले, तेव्हा सुलतानाला ते खरे वाटले. 1481 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. आयुष्याची तीन दशके दिलेला माणूसही संशयाच्या घटकेला परकाच ठरला.

अंबरची कथा उलट दिशेने जाते. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगतात. बगदादच्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. दख्खनमध्ये त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हाही हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा झालेला अंबर काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि स्वतःचे स्वार जमवून परतला. राजधानी पडल्यावर त्याने निजामशाही घराण्यातला एक तरुण विजापूरकडून आणवून त्याला मुर्तजा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी दिली. इथे सोयरिकीचे मोल कळते. चाकरी, इनाम, किताब हे सगळे देऊन परत घेता येते. लेक दिली की घर एक होते. विकत आणलेला माणूस सुलतानाचा सासरा झाला, आणि या नव्या घरोब्याची राजधानी परंडा होती.

बदल एकट्या अंबरमध्येच झाला असे समजणे मात्र चूक ठरेल. त्याला घडवणारा मुलूखही त्याच्या हाताने बदलला. मराठा स्वारांच्या हलक्या, चपळ लढाईला त्याने राज्याच्या युद्धनीतीत मानाचे स्थान दिले. मालोजी, शहाजी हे भोसले निजामशाहीचे सरदार होते. त्याने घालून दिलेली जमीनमहसुलाची घडी गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या आधाराने चाले. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि भुयारी नहरीने तिथे पाणी आणले. पाहुणा म्हणून आलेला माणूस शंभर वर्षे टिकेल अशा पाण्याची तजवीज करत नाही.

या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. आईबापांनी ठेवलेले नाव गेले, बालपणीची भाषा गेली, धर्म बदलला. यांतले काहीही त्याला विचारून झाले नव्हते. म्हणून हबशांचे रुजणे हा बदल आनंदाने स्वीकारण्याचा दाखला म्हणून मिरवणे अन्यायाचे आहे. त्यांनी स्वीकारले ते, आधीच सगळे हिरावून घेतल्यानंतर उरलेले आयुष्य. त्यातून त्यांनी जे उभे केले त्याचे मोल यामुळे अधिकच वाढते.

स्वेच्छेने गेलेल्यांनाही दार आपोआप उघडत नाही. कोकणातली मराठीभाषक बेने इस्रायल ज्यू कुटुंबे 1948 नंतर इस्रायलला गेली. त्यांनी हिब्रू आत्मसात केली, घरात मराठी राखली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. त्यांच्याकडून तयारीत कसूर नव्हती. तरी तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली, आणि पूर्ण मान्यतेसाठी त्यांना 1964 पर्यंत आंदोलन करावे लागले. तिथेही गाठ सोयरिकीपाशीच अडली होती. नवागतांना ‘मिसळून जा’ असा उपदेश करणाऱ्या समाजाने आपल्या घरचा उंबरा त्यांच्यासाठी किती उंच ठेवला आहे, तेही मोजावे.

परंड्यातला घरोबाही पुढच्या पिढीत टिकला नाही. 1626 मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने त्या वेळच्या निजामशहाला कैद करून ठार करवले आणि 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून 1636 पर्यंत ते राज्य लढवत ठेवले शहाजीराजांनी.