शाकंभरीचे अन्न, शैवालाचे विष

अन्न आणि विष या मुळातच दोन वेगळ्या वस्तू आहेत, की एकाच द्रव्याच्या दोन अवस्था, हा भारतीय विचारातला जुना प्रश्न आहे. समुद्रमंथनाच्या कथेत हलाहल आणि अमृत एकाच सागरातून निघतात. पण एकाच पाण्यात दोन्ही कशी होती, याच्या खोलात कथा जात नाही. शंकर विष पितात, देव अमृत घेतात आणि विषय तिथेच मिटतो. समुद्रातल्या विषारी सूक्ष्म शैवालांच्या अभ्यासाने हाच प्रश्न गेल्या काही दशकांत प्रयोगशाळेत आणला. नायट्रोजन आणि फॉस्फरस हे त्यांचे अन्न. ते कमी-जास्त झाले की शैवाल नुसते वाढत किंवा खुंटत नाही, त्याच्या पेशीतले विषाचे प्रमाणही बदलते.

बंगळुरूच्या बनशंकरी भागाला समुद्र जवळ नाही, पण प्रश्न तिथे उंबऱ्यापाशीच आहे. ज्या देवीवरून या वसाहतीला नाव मिळाले ती बदामीची बनशंकरी, म्हणजेच शाकंभरी. महाराष्ट्रातल्याही अनेक घराण्यांची ती कुलदेवता आहे. पुराणकथेप्रमाणे शंभर वर्षांच्या अवर्षणात तिने स्वतःच्या देहातून भाज्या उगवून लोकांना जगवले. म्हणून पौषातल्या शाकंभरी नवरात्रात बदामीला एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य असतो. बंगळुरूच्या देवळातली रीत मात्र आगळी. इतरत्र टाळला जाणारा राहुकाळ इथे पूजेचा मुहूर्त मानतात. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी बायका लिंबू अर्धे कापतात, रस पिळून घेतात, साल उलटी करून तिची वाटी करतात, तिच्यात तेल-वात घालून दिवा लावतात. हा राहूही मंथनाच्याच कथेतला: त्याने चोरून घेतलेले अमृत गळ्याखाली उतरण्याआधीच विष्णूने त्याचे शिर उडवले. अशुभ काळही योग्य विधीने उपकारक होतो, ही इथली श्रद्धा. शास्त्रीय सिद्धान्त म्हणून ती तपासण्यात अर्थ नाही. पण शुभ-अशुभ वस्तूला कायमचे चिकटलेले नसते, ही तिच्यामागची धारणा पुढच्या विवेचनाला उपयोगी आहे.

देवळापासून फार दूर नाही अशा बसवनगुडीत बुल टेंपल आहे. तिथल्या नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते असे मानतात. आज या नदीत प्रामुख्याने शहराचे सांडपाणी वाहते. मैल्यातला नायट्रोजन, साबण-डिटर्जंटमधला फॉस्फरस घेऊन ती अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळते. शहराच्या दुसऱ्या बाजूचे पाणी बेळंदूर आणि वर्तूर तलावांतून दक्षिण पिनाकिनीत उतरते. 2015 मध्ये बेळंदूरचा फेस रस्त्यावर आला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये तलावाला आग लागली, त्या बातम्या देशभर गाजल्या. या दोन्ही नद्या शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतात. तलावांच्या या दुर्दशेचे खापर गणपतीतल्या निर्माल्यावर फोडण्याची सवय आहे. ते तलावात जाऊ नये हे खरेच, पण वर्षातल्या दहा दिवसांच्या फुला-पत्रीची रोजच्या सांडपाण्याशी बरोबरी होत नाही.

अन्नाचे विष कसे होते, हे अलेक्झांड्रियम या शैवालात सर्वांत स्पष्ट दिसते. त्याचे विष सॅक्सिटॉक्सिन. त्याच्या रेणूत कार्बनचे दहा अणू असतील तर नायट्रोजनचे सात, आणि फॉस्फरस एकही नाही. पेशीला वाढून दुभंगायचे तर डीएनए आणि आवरण यांसाठी फॉस्फरस लागतोच. तो संपला आणि नायट्रोजन मात्र येत राहिला, तर विभाजन अडते. कणीक परातभर मळून तयार, पण गॅस संपलेला, अशी स्थिती होते. अडलेल्या पेशीत नायट्रोजनयुक्त अमिनो आम्ल आर्जिनिन वापराविना उरते, आणि सॅक्सिटॉक्सिनची घडण आर्जिनिनपासूनच होते. त्यामुळे फॉस्फरसच्या टंचाईत दर पेशीमागचे विष कित्येक पटींनी वाढलेले आढळते. उलट नायट्रोजन तुटला की ते घटते. मात्र हा नियम सगळ्यांना लावता येत नाही. कॅरेनिया या दुसऱ्या शैवालाच्या ब्रेव्हेटॉक्सिन या विषात नायट्रोजन नसतोच; तिथे वाढ खुंटल्यावर उरलेला कार्बन विषाकडे वळतो, म्हणून नायट्रोजनच्या टंचाईतही विष वाढू शकते. स्यूडो-निट्झशिया या डायाटमला कवचासाठी सिलिका लागते. ती किंवा फॉस्फेट कमी पडले की त्याचे विष, डोमोइक आम्ल, वाढते. थोडक्यात, एखादे पोषकद्रव्य किती आहे एवढ्यावर हे ठरत नाही. ते इतरांच्या मानाने किती आहे, हे पाहावे लागते. सागरी प्लवकांत नायट्रोजन-फॉस्फरसचे सरासरी गुणोत्तर 16:1 असते. आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रमाण मोडले की गडबडीची शक्यता वाढते.

हे विष माणसापर्यंत पोचते ते शिंपल्यांतून. तिसऱ्या, कालवे समुद्राचे पाणी गाळून शैवाल खातात. विष त्यांच्या मांसात साठते, त्यांना स्वतःला सहसा फारसे काही होत नाही. सॅक्सिटॉक्सिन शिजवल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे कालवणाला कितीही उकळी काढली तरी धोका टळत नाही. आधी ओठांना मुंग्या येतात, मग हातपाय बधिर होतात आणि गंभीर बाधेत श्वासाचे स्नायूच थांबतात. मंगळूर भागात 1983 मध्ये अशी बाधा झाल्याची नोंद आहे. केरळात विझिंजमला 1997 मध्ये सात जण दगावले. शिंपला खाणाऱ्याने नेहमीचे, अंगाला मानवणारे अन्नच खाल्ले होते.

या कोड्याला सर्वांत जवळची तात्त्विक चौकट चरकसंहितेत सापडते, पुराणात नाही. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात ऋषींची सभा भरली आहे आणि काशीचा राजा वामक विचारतो: माणूस ज्यातून उत्पन्न होतो, त्यातूनच त्याचे रोगही होतात का? कोणी आत्म्याला कारण ठरवतो, कोणी कर्माला, कोणी स्वभावाला, कोणी काळाला. आत्रेय पुनर्वसू कोणा एकाची बाजू घेत नाहीत. ज्या भावांच्या, म्हणजे घटकांच्या, नीट जुळणीतून माणूस घडतो, त्यांच्याच बिघडलेल्या जुळणीतून व्याधी होतात, असे त्यांचे उत्तर आहे. पुढे ते सांगतात की एखादा आहार हितकर की अहितकर हे मात्रा, काळ, संस्कार, भूमी, देह आणि दोष यांवरून ठरते. नायट्रोजन-फॉस्फरसच्या गुणोत्तराचे ज्ञान त्या काळी होते, असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. पण प्रश्नाची मांडणी अचूक आहे: दोष द्रव्यात न शोधता जुळणीत शोधावा.

तरीही सभेतल्या स्वभाववाद्याला पूर्ण गप्प बसवता येत नाही. सॅक्सिटॉक्सिन बनवायला लागणारी जनुके ज्या शैवालात नाहीत, ते कितीही बिघडलेल्या प्रमाणातले अन्न मिळाले तरी ते विष बनवत नाही. यातले मुख्य जनुक अलेक्झांड्रियममध्ये 2011 साली सापडले. दर्शनांच्या भाषेत, घडण्याची क्षमता उपादानात, म्हणजे मूळ घटकात असते, आणि पोषकद्रव्ये निमित्तकारण, म्हणजे बाहेरून चालना देणारे कारण असतात. निमित्तेही अनेक: शैवाल खाणाऱ्या कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवांची नुसती रासायनिक चाहूल लागली तरी अलेक्झांड्रियम विष वाढवते. म्हणजे हे विष कोंडलेल्या नायट्रोजनचा नुसता उपउत्पाद नव्हे, त्याला संरक्षणाचा हेतू असावा, असे मानायला जागा राहते. हेतू या शब्दाने मात्र जपून राहावे लागते. शैवालाला शत्रू कळतो असे त्यातून निघत नाही.

कर्म आणि जबाबदारीचा प्रश्न माणसाकडे येतो तो इथे. शैवालाचे उपादान माणसाच्या हाती नाही, निमित्त बऱ्याच अंशी आहे. पण अर्धवट शुद्धीही महागात पडू शकते. युरोपात डिटर्जंट आणि सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला गेला, शेतीतून येणारा नायट्रोजन मात्र तितका घटला नाही, त्यामुळे किनाऱ्याजवळच्या पाण्यातले गुणोत्तर बिघडले. 1988 मध्ये स्कागेराक आणि कॅटेगाट या सामुद्रधुन्यांत क्रिसोक्रोम्युलिना शैवालाचा विषारी बहर येऊन मासे मोठ्या प्रमाणात मेले, तेव्हाही पाण्यात नायट्रोजन जास्त आणि फॉस्फरस कमी होता. एकूण पोषण जास्त असेल तर बहर मोठा येतो, आणि गुणोत्तर बिघडलेले असेल तर प्रत्येक पेशी अधिक विषारी होऊ शकते. म्हणून दोन्ही द्रव्ये एकत्र आणि प्रमाणात कमी करावी लागतात.

बंगळुरूत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले प्रक्रिया केलेले सांडपाणी 2018 पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडले जाते. दुसऱ्या टप्प्याच्या प्रक्रियेत सेंद्रिय घाण निघते, नायट्रोजन-फॉस्फरस मात्र बराच मागे राहतो. तो काढण्यासाठी तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया लागते. गोड्या पाण्यातले मायक्रोसिस्टिस हे नील-हरित जीवाणूही अशाच पोषणावर फोफावतात. त्यांच्या मायक्रोसिस्टिन या विषाच्या सर्वांत परिचित प्रकारात नायट्रोजनचे दहा अणू असतात, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला एक मायक्रोग्रॅम अशी सुचवली आहे. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या तलावात पाणी आले, ही कोलारच्या शेतकऱ्याला शाकंभरीची कृपाच वाटणार. त्या पाण्यात किती नायट्रोजन आणि किती फॉस्फरस आहे, हे त्याला पाण्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो.