किती साक्षीदार?

छापील अंकाला संकोच म्हणून ठाऊक नसतो. प्रत्यक्ष मोजून आलेला अंक आणि शेजारच्यांवरून ताडलेला अंक एकाच शाईत छापले जातात, आणि वाचणाऱ्याला दोघे सारखेच खरे वाटतात. या समतेची मला थोडी धास्ती वाटते.

पावसाचेच पाहा. आपल्या हवामान खात्यातील शास्त्रज्ञांनी २०१४ साली देशाच्या रोजच्या पावसाची एक जाळी प्रसिद्ध केली. तीत १९०१ ते २०१० पर्यंतचा पाऊस आहे. नकाशावर पाव-पाव अंशाच्या उभ्या-आडव्या रेषा कल्पायच्या, म्हणजे साधारण २७ किलोमीटरांना एक, आणि त्या जिथे छेदतात त्या प्रत्येक गाठीवर त्या दिवसाचा पाऊस मांडायचा. यासाठी ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी घेतल्या. पण केंद्रे काही गाठी बघून बसवलेली नसतात. शिवाय सगळी एकाच वेळी चालूही नसतात. म्हणून गाठीवरचा अंक भोवतालच्या केंद्रांवरून काढावा लागतो. जवळच्या केंद्राला वजन अधिक, दूरच्याला कमी. या हिशेबाला अंतर्वेशन म्हणतात.

यात लबाडी मुळीच नाही. अंदाज करायचाच नाही म्हटले, तर नकाशा बहुतेक कोराच राहील. विचारायचे ते एवढेच, की या गाठीमागे साक्षीदार किती? चार की एक? आणि तो एक तरी किती लांबचा? चोख अभ्यासक पावसाच्या नकाशाशेजारी केंद्रसंख्येचाही नकाशा मांडतो. आणि ठरलेल्या अंतरात एकही केंद्र नसेल, तर तिथे अंक न लिहिता ‘नोंद नाही’ अशी खूण करतो.

ही खूण मला फार मोलाची वाटते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. वीस किलोमीटरांच्या आतल्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. दोन्ही गावे जाळीच्या एका घराएवढ्या अंतरात बसतात! अशा मुलखात एकाच केंद्रावरून शेजारच्या खोऱ्याचा पाऊस ठरवला, तर कागदावर शिवार भिजलेले आणि प्रत्यक्षात ढेकूळही न फुटलेले, असे सहज होईल. त्या कागदावरून कुणी मदत ठरवू लागला, की ज्याचे पीक जळाले त्यालाच खोटे ठरवले जाते. आपल्या गावाबद्दल कुणाला विचारून हा अंक लिहिला, हे विचारायची सोय त्या बिचाऱ्याला नसते.

हे हिशेब ज्या पद्धतीने होतात, ती डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ साली मांडली. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. एकाच दिशेला एकामागे एक केंद्रे असली, तर पुढच्याच्या सावलीतल्या मागच्याचे वजन ती घटवते. लग्नाच्या चौकशा करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे शिकून घ्यावे! आमच्या नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ आले, तेव्हा पाच जणांनी मुलाविषयी एकमुखाने नाके मुरडली. खोलात गेल्यावर कळले, की पाचही जणांनी ते एकाच काकूंकडून ऐकले होते, आणि काकूंनी मुलाला पाहिले होते ते त्याच्या मुंजीत. साक्षी पाच दिसल्या. साक्षीदार एकच, तोही किती लांबचा!

माणसांविषयी, जातींविषयी, परगावच्या लोकांविषयी आपल्या मनातही अशी एक जाळी असते. तिची प्रत्येक गाठ भरलेली असते, कारण रिकामी जागा मनाला सोसत नाही. सगळ्यांशी प्रत्यक्ष ओळख करून घ्यायला आयुष्य पुरणार नाही. तेव्हा अंदाजाने वागणे आले. त्यात पाप नाही. पण एका ओळखीवर बेतलेले मत शंभर ओळखींच्या तोऱ्यात बोलू लागले, की अन्याय सुरू होतो. मताबरोबर त्याची साक्षीसंख्या सांगण्याइतका प्रामाणिकपणा कुणालाही परवडण्याजोगा आहे. आणि जिथे साक्षीदारच नाही, तिथे ‘नोंद नाही’ म्हणायला तर काहीच पैसे पडत नाहीत.