नसण्याचा पुरावा

कोळंबीच्या पिल्लांचे डोळे काढणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. हॅचरीतलं बी प्राणवायू भरलेल्या पिशवीतून येतं. त्यातली १५० पिल्लं मोजून घ्यायची, सुईच्या टोकाने डोळ्यांचे काळे ठिपके वेगळे करायचे आणि उरलेलं एकत्र घोटायचं. डोळे राहिले तर त्यांच्यातल्या द्रव्यांमुळे पीसीआर अडू शकतो. मग विषाणू असूनही दिसत नाही. आमचे अण्णा या कामाला नावं ठेवत नाहीत, फक्त घरी आल्यावर हात दोनदा धुवायला लावतात.

शोध असतो तो पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचा. १९९० नंतर तो आशियाभर पसरला आणि १९९४-९५च्या सुमारास आपल्या किनाऱ्यावरही आला. एकदा तळ्यात भडकला की आठ-दहा दिवसांत तळं रिकामं होतं, आणि त्यावर औषध नाही. म्हणून बी सोडण्याआधीच त्याच्या डीएनएचा ठरावीक तुकडा शोधायचा. तो असला तर पीसीआरच्या दुपटीच्या हिशेबाने ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटी होतात. तेव्हा असलेलं दाखवणं मला जड जात नाही. माझी अडचण आहे ती नसलेलं दाखवण्याची, कारण तळेवाले पैसे त्याचेच मोजतात.

अण्णा संस्कृत शिकवायचे. धर्मराजाध्वरींद्रांच्या 'वेदांतपरिभाषे'तला अनुपलब्धीचा भाग त्यांचा आवडता. जमिनीवर घट नाही, हे कळतं कशाने? नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच. भाट्ट मीमांसक आणि वेदांती म्हणतात, डोळ्यांना जमीन दिसते. घटाचं नसणं कळायला वेगळं प्रमाण लागतं, ते म्हणजे न दिसणं. मात्र नुसतं न दिसणं पुरत नाही. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही असं होत नाही. आणि पाप-पुण्य तर भर उन्हातही दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं म्हणता येत नाही.

मला हे सगळं टेबलावर बसून पटलं. प्रत्येक नमुन्यात विषाणूबरोबर कोळंबीचा स्वतःचा एक जनुकही आम्ही शोधतो. कोळंबी घोटली आहे, तेव्हा तो दिसलाच पाहिजे. तो दिसला आणि विषाणू दिसला नाही, तर 'निगेटिव्ह' लिहायचं. तो जनुकही दिसला नाही, तर तो अंधार समजायचा आणि चाचणी पुन्हा लावायची. या बाबतीत मी अण्णांच्या वेदांत्यांच्या बाजूची. सापडलेला डीएनए जेलवर रेघ म्हणून उमटतो; रेघ नसलेली जागा नुसत्या डोळ्यांना काहीच सांगत नाही.

पण दिवा लावला तरी उजेड पडतो तो १५० पिल्लांवरच. बाधा शंभरात दोघांना असेल, तर निदान एक तरी बाधित पिल्लू माझ्या हाती लागण्याची शक्यता ९५ टक्के. शंभरात एकालाच असेल, तर पाचातून एखाद्या वेळी सगळी बाधित पिल्लं माझ्या हातून निसटणार. पाच लाख बियांत असा एक टक्का म्हणजे पाच हजार पिल्लं. ही अट रिपोर्टवर बारीक अक्षरात असते, ती कुणी वाचत नाही.

उलट बाजूही आहे. मेलेल्या विषाणूचा डीएनए शिल्लक असला तरी रेघ उमटते, आणि विषाणू बाळगून धडधाकट फिरणारी कोळंबीही असते. तरीही 'पॉझिटिव्ह' आलं की अख्खी टाकी नष्ट करा असंच मी सांगते. तिथे मला शंकेचा फायदा द्यायचा नसतो, आणि याचं मला पूर्ण समाधान आहे असंही नाही.

परवा एक तळेवाले रिपोर्ट घेऊन समोर बसले.

"मॅडम, नाही ना?"

"काका, या दीडशेत सापडला नाही."

"म्हणजे नाहीच ना?"

"असता तर बहुतेक सापडला असता."

त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. "मग खेकड्यांसाठी बांधावर जाळी लावतोय, ती राहू दे?"

खेकडे हाच विषाणू बाहेरून आणतात. माझा कागद पिशवीतल्या बियांबद्दल बोलतो, पुढच्या चार महिन्यांबद्दल नाही.

"लावा," मी म्हटलं, "आणि बगळ्यांसाठी वरून दोऱ्याही बांधा."